ड्रायरमधली सीव्ह वेळेआधी का मरते? रिजनरेशनबद्दल सविस्तर

रात्रपाळी (धागा सुरू करणारा)

गेल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याच्या प्लांटच्या गॅस ड्रायरमध्ये भरलेली मॉलिक्युलर सीव्ह चार वर्षं टिकेल असा हिशोब होता. सोळाव्या महिन्यातच ड्यू पॉइंट (वायूत पाणी किती उरलंय ते दाखवणारं तापमान) हलायला लागला. पुरवठादार म्हणतो फीड (आत येणारा वायू) घाण, प्लांट म्हणतो माल हलका. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर मी त्याला विचारलं, "रिजनरेशनचे ट्रेंड (तापमानाचे आलेख) काढून बघितलेस का?" नव्हते बघितले. फार ठिकाणी ते बघितलेच जात नाहीत, म्हणून हा धागा काढतोय.

माझी तेवीस वर्षं गॅस आणि पेट्रोकेमिकलच्या प्लांटांत गेली, त्यातली बरीचशी ड्रायरच्या आसपास. माझं ठाम मत असं आहे की सीव्ह जे पकडते त्यानं ती क्वचित मरते. पकडलेलं आपण तिच्याकडून ज्या तऱ्हेनं सोडवून घेतो, त्यात तिचा जीव जातो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगतो. मुंबई हायचा वायू समुद्राखालच्या नळातून उरणला येतो आणि त्यातला इथेन-प्रोपेन पुढे नागोठण्याच्या क्रॅकरला (ते तापवून इथिलीन बनवणाऱ्या युनिटला) जातो, हे रायगडातल्या वाचकांना माहीत असेल. असे घटक वेगळे करायला वायू शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास थंड करावा लागतो. त्या थंडीत पाण्याचा अंशही चालत नाही. बर्फ आणि हायड्रेट (पाणी आणि वायू मिळून झालेले बर्फासारखे स्फटिक) धरून नळ्या तुंबतात. म्हणून वायू आधी मोठ्या उभ्या टाक्यांमधून जातो. त्यांत टनावारी सीव्ह भरलेली असते, साबुदाण्याएवढे मातकट दाणे. दाण्यात झिओलाइटचे काही मायक्रॉनचे स्फटिक असतात आणि चिकणमातीच्या बंधकानं ते एकत्र धरलेले असतात. लाडवात पाक जे काम करतो तेच इथे ही माती करते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्फटिकात अगदी एकसारख्या मापाची भोकं असतात. सोडियमवाली ४ए साधारण ४ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग). त्यातलं सोडियम बरंचसं काढून पोटॅशियम घातलं की भोक ३ च्या आसपास येतं, ती ३ए. कॅल्शियम घातलं की ५ए. पाण्याचा रेणू तिन्हींत शिरतो. इथिलीन ३.९ चं, ते ४ए मध्ये शिरतं पण ३ए मध्ये नाही. सरळ साखळीचे पॅराफिन ५ए मध्ये शिरतात, फांद्यावाले बाहेरच राहतात. या एवढ्याशा फरकावर हायड्रोकार्बन वेगळे करण्याचा केवढा तरी धंदा उभा आहे.

आत गेलेलं पाणी पृष्ठभागाला घट्ट धरलं जातं. याला अधिशोषण म्हणतात. बेड (टाकीतली सीव्ह) भरला की तो लाइनीतून बाजूला काढायचा, खालून गरम कोरडा वायू सोडायचा, पाणी हाकलायचं, थंड करायचं आणि पुन्हा लाइनीत घ्यायचा. हे झालं रिजनरेशन. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं एक दगड तापवला तेव्हा त्यातून वाफ उसळली, म्हणून त्यानं ग्रीक शब्दांवरून त्याला झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड, असं नाव दिलं. मला हे फार आवडतं. या पदार्थाचं बारसंच रिजनरेशनमध्ये झालेलं आहे. प्रयोगशाळेत ए प्रकार तयार झाला तो १९४९ मध्ये, युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांच्या हातून.

आता एक आकडा. १ किलो पाणी नुसतं उकळून वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. तेच पाणी सीव्हमधून सोडवायला जवळपास ४,२०० लागतात. शिवाय दाणे, टाकीचं पोलाद, खालचे सिरॅमिक बॉल हे सगळं तापवायचं. एवढी उष्णता आपण तिच्या अंगात रोज घालतो, आणि वेळ कमी म्हणून घाईनं घालतो.

घाईचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका प्लांटमध्ये (नाव नको) उत्पादन वाढवायचं म्हणून ड्रायरचं चक्र आखडून घेतलं. हीटर चाळीस मिनिटांत २८० अंशांवर न्यायचा असा रिवाज पडला. वायू सुकवताना वरून खाली जातो, रिजनरेशनला खालून वर. खालचे दाणे झटकन तापले आणि त्यांनी सगळं पाणी एकदम सोडलं. ती वाफ वर गेली. वरचा थर अजून गार आणि आधीच पाण्यानं भरलेला, त्यामुळे तिथे ती थंड होऊन पाण्याचे थेंब झाले. टाकीच्या आत अक्षरशः पाऊस पडतो. इंग्रजीत त्याला रिफ्लक्सिंग म्हणतात. ते पाणी गरम दाण्यांवर ठिबकतं, पुन्हा उकळतं, पुन्हा वर जातं. लाडवाचा पाक त्या उकळ्या पाण्यात विरघळतो.

पुढच्या शटडाऊनला मॅनहोल उघडला तेव्हा वर हातभर जाडीचं कवच होतं, उन्हात तडकलेल्या शेतातल्या मातीसारखं. पहारीनं फोडावं लागलं. भेगांमधून वायू पळत होता. खालची निम्म्याहून जास्त सीव्ह धडधाकट होती, पण वायू तिच्यापर्यंत नीट पोचतच नव्हता. सगळा बेड टाकून दिला. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगतो. तापमान ताशी ५० अंशांच्या हिशोबानं चढवायचं. १२० च्या आसपास थांबायचं आणि बहुतेक पाणी निघून जाऊ द्यायचं. बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान बघत राहायचं. ते चढतं, मग एका पातळीवर रेंगाळतं, कारण उष्णता पाणी सोडवण्यात खर्च होत असते. पाणी संपलं की पुन्हा चढतं. ते आत येणाऱ्या तापमानाच्या वीस-तीस अंश जवळ येऊन स्थिरावलं की झालं. घड्याळापेक्षा हा आलेख खरं सांगतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नवी सीव्ह स्वतःच्या वजनाच्या वीसेक टक्के पाणी धरते, आणि ड्रायरचं डिझाइन केलेलं असतं आयुष्याच्या शेवटच्या, जवळजवळ निम्म्या क्षमतेवर. तरी पहिल्या दिवसापासून आपण तिला त्याच ठरलेल्या तासांवर भाजतो. ८ तास सुकवणं आणि ८ तास रिजनरेशन धरलं तर एका बेडची वर्षाला जवळजवळ ५५० रिजनरेशनं होतात. २४-२४ तासांवर चालवलं तर १८० च्या आसपास. सीव्ह नवी असताना चक्र लांबवा, थकेल तसं आखडत आणा. प्रत्येक तापवणं तिचं थोडं आयुष्य खातं, ते विनाकारण का खर्चायचं?

---

काचनळी

रात्रपाळीदादा, उत्तम धागा. मी लॅबमध्ये असते, वापरलेल्या सीव्हचे नमुने माझ्याकडे येतात. एक तक्रार आधी करते. नमुना नेहमी वरचा मूठभर आणून देतात. त्यावरून अख्ख्या बेडचं निदान करता येत नाही. बेड काढताना दर मीटर-दीड मीटरला वेगळी पिशवी भरा, घट्ट बंद करा, खोली लिहा. नाहीतर आणू नका.

सीव्ह कशानं गेली हे ओळखायची माझी साधी रीत सांगते. आधी कार्बन किती ते मोजायचं. मग नमुन्याचे दोन भाग करायचे. एक नुसता कोरडा करून त्याची पाणी धरायची क्षमता काढायची. दुसरा मफल फर्नेसमध्ये कोरड्या हवेत हळूहळू ५०० अंशांपर्यंत नेऊन कोक (दाण्यांवर बसलेला काळा कार्बनचा थर) जाळायचा आणि मग क्षमता काढायची. जाळल्यावर क्षमता परत आली तर भोकांची तोंडं कोकनं बुजली होती, आतला स्फटिक शाबूत आहे. परत आली नाही तर स्फटिकच ढासळलाय, आणि क्ष-किरण विवर्तनात त्याची शिखरं बसकी दिसतात. दुखणं वेगळं, उपाय वेगळा. शिवाय दाणा चिरडायला किती जोर लागतो तेही पाहते. तुमच्या त्या पावसातले दाणे बोटांत भुगा होतात.

---

अणुरेणु

मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात तीनच ओळी आहेत: कोकिंग, पॉयझनिंग, सिंटरिंग. सर, स्फटिक ढासळतो म्हणजे नेमकं काय होतं? ४ए तर ५०० अंश सहन करते असं वाचलंय.

---

रात्रपाळी

@काचनळी ताई, दोन भागांची रीत लिहिलीत हे फार बरं केलंत. ही चाचणी चार दिवसांत होते आणि महिन्यांचं भांडण मिटवते.

@अणुरेणु, कोरड्यात सहन करते. वाफेत नाही. ए प्रकारात सिलिकॉनला बरोबरीनं ॲल्युमिनियम असतं, एकास एक. म्हणून तर तिला पाण्याची एवढी ओढ. पण उच्च तापमानाला वाफ असली की ते ॲल्युमिनियम चौकटीतून सुटायला लागतं. पुरेसं सुटलं की चौकट कोसळते आणि भोकं बंद होतात. आम्लाचंही तेच, ए प्रकार आम्लात टिकत नाही. ३ए तर ४ए पेक्षाही नाजूक, म्हणून तिला कमी तापमानावर, सव्वादोनशेच्या आसपास, रिजनरेट करतात. म्हणूनच १२० ला थांबायचं. पाणी असताना तापमान कमी, तापमान जास्त असताना पाणी नाही, असं जमवायचं.

---

दोहाकर

मी एलएनजीच्या (द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) प्लांटमध्ये आहे. तुमचं रिफ्लक्सिंग शंभर टक्के मान्य. पण 'जे पकडते त्यानं क्वचित मरते' हे मला पटत नाही. आमच्याकडे सीव्हच्या आधी अमाइनचा टॉवर आहे, वायूतले आम्लधर्मी वायू धुऊन काढणारा. तिथून फेस आला आणि अमाइन उडून ड्रायरवर पडलं की रिजनरेशन कितीही देवासारखं करा, ते तापून विघटन पावतं आणि बेडवर कोक धरतो. हायड्रेट होऊ नये म्हणून विहिरीकडे मिथेनॉल सोडतात, तेही सीव्हमध्ये बसतं आणि तापवताना ईथर, ओलेफिन (इथिलीनसारखे हायड्रोकार्बन) होत कोकपर्यंत जातं. कॉम्प्रेसरचं तेल वेगळंच. वायूत हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही असतील तर ४ए आणि ५ए वर त्यांचं कार्बोनिल सल्फाइड आणि पाणी होतं. म्हणजे जिनं पाणी काढायचं तीच पाणी तयार करते.

माझ्या मते पहिला पैसा ड्रायरच्या आधीच्या सेपरेटर आणि कोअलेसरवर (वायूतले द्रवाचे थेंब गोळा करून काढणाऱ्या यंत्रांवर) खर्च करावा. द्रवाचे थेंब आत आले तर पुढचं सगळं व्यर्थ.

---

रात्रपाळी

दोहाकर, तुमचं बरोबर आहे, माझं वाक्य जास्त ताणलं गेलं. द्रव आत येणं ही वेगळीच आपत्ती आहे, तिथे मी पूर्ण माघार घेतो. फक्त एक बघा. मिथेनॉल काय, अमाइन काय, कोक धरतो तो तापवतानाच. थंड बेडवर ते पाहुण्यासारखं बसून असतं. हळू तापवलं तर त्यातलं बरंचसं कोक होण्याआधी वायूबरोबर निघून जातं. म्हणजे आपण दोघं एकाच जागी येतो.

क्रॅकरमधल्या ड्रायरमध्ये तर हे स्वच्छ दिसतं. तिथे ३ए का वापरतात? ४ए सुद्धा पाणी काढेल. पण तिच्यात इथिलीनही शिरेल आणि रिजनरेशनला तापलं की आतल्या आत एकमेकांना जोडून घेईल. भोक लहान निवडलं की ते दार बंद होतं. तरी ॲसिटिलीन कन्व्हर्टरमधलं ग्रीन ऑइल (तिथे तयार होणारं जड तेल) बाहेरच्या पृष्ठभागावर बसतंच, आणि काळसर थर वरून खाली सरकत जातो.

---

रसायनीचा

नमस्कार. बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. माझं आयुष्य एलएबीच्या (लिनियर अल्काइल बेंझीन, धुण्याच्या पावडरीचा कच्चा माल) प्लांटवर गेलं. कपडे धुण्याच्या पावडरीत जो फेस येतो त्याच्या मुळाशी केरोसीनमधले सरळ साखळीचे पॅराफिन असतात, १० ते १३ कार्बनचे. ते ५ए सीव्हनं वेगळे काढतात. इथे एक वेगळा विचार आहे म्हणून लिहितो: आम्ही बेड तापवून रिकामा करत नव्हतो. मोलेक्स पद्धतीत पॅराफिन आत शिरल्यावर त्यांना दुसऱ्या, हलक्या द्रवानं बाहेर ढकलतात. त्याला डिसॉर्बंट म्हणतात. बेड जागचा हलत नाही, फीड आणि डिसॉर्बंटची ठिकाणं पाळीपाळीनं बदलत जातात. तापमान कायम एकच. त्यामुळे सीव्ह वर्षानुवर्षं टिकते.

याउलट केरोसीन वाफेच्या रूपात सीव्हवरून नेण्याच्या जुन्या पद्धती होत्या. त्यांत तापमान जास्त, म्हणून कोक धरायचा आणि अधूनमधून तो टाकीतच जाळायला लागायचा. जाळणं नाजूक असतं. नायट्रोजनमध्ये अगदी थोडा ऑक्सिजन, एखाद टक्का, एवढ्यानं सुरुवात करायची. बेडमधून आगीची आघाडी सरकताना थर्मोकपलवर दिसते. ऑक्सिजन जरा जास्त झाला की तापमान हाताबाहेर जातं, शिवाय कोकमधल्या हायड्रोजनची वाफ होते. म्हणजे रात्रपाळींनी सांगितलेला तोच घात, गरम आणि ओलं एकत्र.

पॅराझायलीन इतर झायलीनांतून वेगळं काढण्याच्या पॅरेक्स पद्धतीतही हेच तत्त्व आहे, फक्त झिओलाइट फोजासाइट प्रकारचं, बेरियम-पोटॅशियम घातलेलं, आणि डिसॉर्बंट पॅरा-डायइथाइलबेंझीन. तापमान पावणेदोनशेच्या आसपास. तिथे तर थोडं पाणी मुद्दाम, पीपीएममध्ये मोजून, आत सोडतात. अगदी कोरडं चालत नाही, जास्त ओलंही नाही. आणि ऑक्सिजनची भीती मोठी. फीडच्या टाकीवर नायट्रोजनचं आवरण नसलं तर झायलीन हवेतला ऑक्सिजन पिऊन येतं आणि डिसॉर्बंट खराब करतं. ओलेफिन आधी क्ले ट्रीटरमध्ये काढून घेतात. ती माती संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तिच्यापेक्षा कितीतरी महागडी सीव्ह तिची शिक्षा भोगते.

---

हलकाफुलका_वायू

मी रिफायनरीत हायड्रोजन पीएसएवर (दाब वाढवून-उतरवून हायड्रोजन शुद्ध करणाऱ्या युनिटवर) आहे. रसायनीच्या काकांच्या मुद्द्याला पुष्टी. आमचे बेड काही मिनिटांत दाब खाली आणून रिकामे होतात, तापवणं अजिबात नाही. दिवसाला शेकडो चक्रं होतात आणि तरी माल पंधरा वर्षांहून जुना आहे. घात होतो तो जड हायड्रोकार्बन आले तर. खाली आधी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर असतो तो त्यांच्यासाठी, वर ५ए. जड माल कार्बनला ओलांडून सीव्हपर्यंत गेला तर नुसत्या दाबानं निघत नाही, मुक्कामाला येतो. आणि दाब झटक्यात बदलला तर दाणे उचलले जाऊन एकमेकांवर घासतात, त्याची पूड होते.

---

रात्रपाळी

दाबाचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता. तापवणाऱ्या ड्रायरमध्येही बेड बदलताना दाब उतरवतात, चढवतात. आमची मर्यादा मिनिटाला ३ बार होती, आणि ती मोडली की महिन्याभरात बेडचा प्रेशर ड्रॉप (त्यातून जाताना वायूचा पडणारा दाब) वर चढलेला दिसायचा.

---

शेवंती

माझा प्रश्न अगदी घरगुती आहे, चालेल ना? औषधाच्या बाटल्यांत, नव्या बुटांत ज्या छोट्या पुड्या येतात त्या मी जमवते, कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवते. त्याही अशा तापवून परत वापरता येतात का?

---

काचनळी

शेवंतीताई, नक्की येतात. त्यात बहुतेक सिलिका जेल असतं. ते पाणी सीव्हइतकं घट्ट धरत नाही, त्यामुळे ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास पुरतात. दाणे पुडीतून काढून पसरून तापवा, पुडीचं आवरण वितळू शकतं. दाणे निळे असतील तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मुळीच नको. आणि गार होताना उघडे ठेवू नका, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. नाहीतर पावसाळ्यात बशीत असतानाच पुन्हा ओले होतील.

---

रसायनीचा

काचनळी, गार करण्याचं सांगितलंत ते मोठ्या ड्रायरलाही तंतोतंत लागू आहे. कूलिंगला ओला वायू वापरला तर बेड लाइनीत यायच्या आधीच त्याचा काही भाग भरलेला असतो.

---

दोहाकर

एक जिवावरचा मुद्दा, कारण शटडाऊनचे दिवस जवळ आलेत. वापरलेली सीव्ह काढताना धूळ उडते म्हणून काही ठिकाणी वरून पाणी मारतात. असं कधीही करू नका. तिच्या आत अजून हायड्रोकार्बन असतो, कधी बेंझीन, कधी हायड्रोजन सल्फाइड. पाण्याला ती जास्त धरते, म्हणून पाणी शिरलं की ते सगळं एकदम बाहेर ढकललं जातं. शिवाय अधिशोषणाची ती ४,२०० किलोज्यूलवाली उष्णता मोकळी होते. आमच्या शेजारच्या युनिटमध्ये पिंपातल्या सीव्हवर पाऊस पडला आणि पिंप हात लावता येणार नाही इतकं तापलं होतं. आधी नीट गरम रिजनरेशन करून, गार करून, नायट्रोजनखाली काढा. आत माणूस उतरवायचा असेल तर श्वासाला बाहेरची हवा जोडूनच, आणि बाहेर दोराशी एक माणूस उभा, जो जागा सोडणार नाही.

---

रात्रपाळी

धन्यवाद दोहाकर. हे प्रत्येक शिफ्टच्या वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे.

मूळ फोनवाल्या मित्राची खबर: त्यानं ट्रेंड काढले. बाहेरच्या वायूचं तापमान १९० ला पोचतंय की नाही तोवर हीटिंग बंद होत होतं, कारण टायमर तसा लावलेला. आत येणारा वायू २६० चा. म्हणजे दर वेळी बेडच्या वरच्या टोकाला पाणी शिल्लक राहत होतं आणि पुढच्या वेळी त्याच ओल्या थरावर वाफ येऊन आदळत होती. दुसऱ्या बेडमधून नमुने खोलीप्रमाणे काढायचे ठरलंय. काचनळी ताई, पिशव्या तुमच्या सांगण्याप्रमाणेच भरायला सांगितल्यात. कार्बन किती निघतो ते कळलं की इथे टाकतो.

---

काचनळी

वाट बघते. न वापरलेल्या, सीलबंद ड्रममधला थोडा नमुनाही पाठवायला सांगा. तुलनेला मूळ माल नसेल तर 'क्षमता किती उतरली' याचं उत्तर देता येत नाही.